पोत्यांत भरलेली बाग

ता. १२ जुलै

चि. छोटूस,

आशीर्वाद आहेत, पण आज ते रागाच्या खाली दबलेत, शोधून घे. माझी पोती कुठे आहेत ते आधी सांग. काल तो टेम्पोवाला भेटला, ज्याने माझी मातीची पोती तुझ्याकडे पोचवली होती तोच. परवा तुझ्याकडे पाण्याची टाकी टाकायला गेला होता म्हणे. मी सहज विचारलं की बाबा, माझी पोती पावसात नीट झाकलेली आहेत ना. तर म्हणतो कसा, तिथे पोतं नाही की पोत्याची सुतळी नाही, घराच्या बाजूच्या बोळात छान लाल ब्लॉक बसवलेत, गाडी सरळ मागच्या नळापर्यंत जाते. वर मलाच विचारतो, तुम्हाला सांगितलं नाही का भावाने. भर रस्त्यात माझं तोंड एवढंसं झालं.

तुला मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तू सांगितलंस, पोती सुखरूप आहेत, काळजी नको. फोनवर हो हो करून सुटतोस म्हणून आता कागदावर विचारते. तुझे दाजी कारखान्यातून रिटायर झाले, क्वार्टर सोडायची वेळ आली, तेव्हा बाकीच्यांनी कपाटं बांधली, मी अंगण बांधलं. वरची माती खरवडून खरवडून पोत्यांत भरली. हमाल हसला, तू हसलास, दाजींनी तर मान दुसरीकडे फिरवली. पण नवं घर तयार झालं की ती माती पुढच्या अंगणात पसरायची आणि गप्प बसायचं, हे सगळ्यांना सांगितलं होतं की नाही? तोवर आम्ही टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत राहतोय. इथे माणसांना जागा नाही, मातीला कुठली? म्हणून तुझ्याकडे ठेवली. विश्वासाने ठेवली.

तुझ्या बायकोला अंगण आरशासारखं लागतं, हे मला माहीत आहे. तिने तर फेकली नाही ना? खरं काय ते लिही, आणि लगेच लिही.

माया कमी झालेली नाही, पण सध्या तिला हात लावून बघू नकोस.

तुझी ताई


ता. १९ जुलै

ती. ताईस साष्टांग नमस्कार. साष्टांगच घालतो, कारण उभं राहून सांगण्यासारखं हे नाही.

पोती आहेत. धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवली आहेत. माती नाही.

झालं असं की बोळात ब्लॉक बसवायचं काम काढलं होतं. त्या दिवशी मी पाण्याचे मीटर वाचायला दूरच्या वस्तीत गेलो होतो आणि ही तिच्या बहिणीकडे गेली होती. गवंड्याला ब्लॉकखाली घालायची दगडाची बारीक कच कमी पडली. दुकान बंद. त्याला भिंतीशी पोती दिसली, त्याला वाटलं भरावासाठीच आणून ठेवलीत. संध्याकाळी मी आलो तेव्हा बोळ सपाट, ब्लॉक बसलेले, आणि गवंडी खुशीत. म्हणाला की माती फार गुणाची होती साहेब, दाबली की बसते. मी त्याला चहा पाजला, ताई.

हिचा यात काडीचा दोष नाही. ती तर मला रोज म्हणत होती की ताईंना सांगून टाका. मीच घाबरलो. डोक्यावर केस राहिले नाहीत तरी तुझ्यापुढे मी चड्डीतलाच आहे.

आता माझं ऐक. माती ती माती. तुझं घर झालं की मी ट्रॉलीभर चांगली लाल माती आणून टाकतो. बीसुद्धा आणतो, दुकानात पाकिटं मिळतात, वर रंगीत चित्र असतं, काय उगवणार ते आधीच कळतं. दाजींना नमस्कार. रागाचा जोर ओसरला की जे उरेल ते प्रेम माझ्यासाठी राखून ठेव.

तुझा छोटू


ता. २४ जुलै

छोटू,

आज चि. नाही आणि काही नाही. पाकिटातलं बी! चित्र बघून फुलं निवडायला मी काय छापील कापडाचं दुकान काढलंय?

तुला कधी नीट सांगितलं नाही, आता सांगते, कान उघडे ठेव. त्या अंगणात गेली वीसेक वर्षं कुणी काही पेरलेलं नाही. मीसुद्धा नाही. तेरड्याची बोंडं तटातट फुटतात, बी उडतं, पुढच्या वर्षी ते जिथे पडलं तिथे झाड. गुलबक्षी मिऱ्यासारखं काळं बी टाकते. सदाफुली तर पायरीच्या फटीत उगवायची. माझं काम एवढंच की कुणाला राहू द्यायचं आणि कुणाला उपटायचं. आणि फुलं संपली तरी वाळलेली झाडं उभी ठेवायची, बी पडेपर्यंत. शेजारणी नाकं मुरडायच्या, काय हा काटक्यांचा पसारा म्हणून. आणि बहर आला की पाहुण्यांना दाखवायला त्याच आणायच्या. मोठे साहेब गाडी थांबवून बघायचे. एवढ्या क्वार्टर होत्या, थांबायची ती माझ्याच दारात.

पिवळी गुलबक्षी आणि राणी रंगाची, दोघी शेजारी वाढल्या, मिसळल्या. होता होता एकाच फुलावर दोन्ही रंगांचे शिंतोडे यायला लागले. एक फूल दुसऱ्यासारखं नाही. ते कुठल्या पाकिटात मिळतं, सांग. मी दिवसभर शिंप्याकडची काज-बटणं करते, सगळी एका मापाची, एका रेषेत. घरी येऊन ते शिंतोडे बघितले की डोळे निवायचे.

मी बी वेगळं काढून ठेवलं नाही. एक दाणा नाही. लागतं कशाला, सगळं मातीतच आहे म्हणून. आता ते सगळं तुझ्या ब्लॉकखाली आहे, आणि त्यावरून तू फटफटी नेतोस.

तर गवंड्याला बोलाव. ब्लॉक उचलायचे, माती खरवडायची, पोत्यांत भरायची. खर्च माझ्याकडून घे. एवढं केलंस तर भाऊ, नाहीतर मीटरवाला.

ताई


ता. २ ऑगस्ट

ती. ताईंना नमस्कार.

माझं पत्र बघून दचकला असाल. इतकी वर्षं यांच्या पत्राच्या शेवटी 'घरच्यांचा नमस्कार' एवढीच माझी जागा होती. आज सबंध कागद घेतलाय, राग मानू नका.

तुमच्या सांगण्यावरून यांनी गवंड्याला बोलावलं. तो पहार घेऊन आला आणि मी त्याला परत पाठवलं. हे कामावर होते. आल्यावर फार चिडले. म्हणाले, एकीकडे ताई, एकीकडे तू, मी काय भिंतीत राहायला जाऊ? मी म्हटलं, आधी खाली बसून बघा.

ताई, ब्लॉकच्या फटींतून हिरवं आलंय. मला आधी शेवाळ वाटलं. मी झाडू घेऊन आलेच होते, तुम्ही ओळखता मला. म्हटलं घसरेल कुणीतरी. पण चष्मा लावून वाकले तर शेवाळ नाही, इवली इवली दोन-दोन पानं. एका रेषेत, जशी फट तशी. आणि गवंड्याने उरलेली माती भिंतीच्या कडेने नळापर्यंत लोटून दिली होती, तिथे तर नुसती गर्दी. पहारीने ब्लॉक उचलले असते तर हे सगळं मेलं असतं. माती मिळाली असती तुम्हाला, पण यातलं कोण वाचलं असतं?

हे म्हणाले की मग ताईला काय सांगू. म्हटलं, मी सांगते. म्हणून हे पत्र.

मला यातलं काही कळत नाही. कुणाला ठेवू, कुणाला काढू ते सांगा. सोबत एक पान ठेवलंय, गोल आहे आणि वरून खरखरीत, बाळाच्या केसांसारखी लव आहे. भिंतीशी अशी तीन-चार आहेत. यांची फटफटी मी रस्त्यावर लावायला सांगितली आहे. कुरकुरत लावतात.

चुकलं असेल तर ओरडा, पण पत्रातून ओरडा, उत्तर येऊ दे.

तुमची भावजय


ता. ९ ऑगस्ट

चि. सौ. भावजयीस आशीर्वाद.

गवंड्याला परत पाठवायला तुला कुणी सांगितलं होतं? बरं केलंस.

आता लिहिते ते नीट ध्यानात ठेव. पान लांबट, कडेला करवतीसारखे दात, दांडा रसाळ, उजेडात धरला तर आरपार दिसेल, तो तेरडा. पहिली दोन पानं कोटाच्या बटणाएवढी, जाडसर, ती गुलबक्षी. पान चकचकीत आणि मधली शीर पांढरी, ती सदाफुली, तिला काही करावं लागत नाही, लाथ मारली तरी जगते. दाटी झाली की मधली मधली काढ. काढताना जीव खाली-वर होईल, तरी काढ. नाहीतर सगळीच काडीसारखी होतील आणि एकही धड फुलणार नाही. वितभर अंतर हवं. मोजायला पट्टी घेऊ नकोस, तुझा हात आहे तो कशाला?

झाडू बोळात न्यायचा नाही. पाणी वरून भसकन ओतायचं नाही, हाताने शिंपडायचं.

तू पाठवलेलं ते केसाळ गोल पान मी बघितलं. ते तण आहे. रस्त्याच्या कडेला ढिगाने उगवतं. भिंतीशी ठेवशील तर सगळी जागा खाईल. उपट. पत्र वाचून झालं की ऊठ आणि उपट.

छोट्याला म्हणावं, फटफटी रस्त्यावर लावल्याने कुणी मरत नाही. तुझ्यावर लोभ आहे, पण अजून तोलून-मापून.

ताई


ता. २० सप्टेंबर

ती. ताईस ओलाचिंब नमस्कार.

ओलाचिंब का, ते सांगतो. माझी छत्री गेली. चोरीला नाही गेली, घरातच आहे, पण मला मिळत नाही. तुझ्या तेरड्याची बोंडं पिकायला लागलीत. हात लावला की फट्‌ आणि बी गायब. ही दोन दिवस त्या बियांच्या मागे बोळात रांगत होती. तिसऱ्या दिवशी माझी चांगली काळी मोठी छत्री उघडून, उलटी करून झाडांखाली ठेवली. मग एका बोटाने बोंडं टिचकावत बसली. सगळं बी छत्रीत. मी दारात उभा, बाहेर पाऊस, हातात मीटरची वही. मी म्हणालो, अगं मला जायचंय. ती म्हणाली की तुम्ही वाळाल, बी भिजलं तर कुजेल.

लोक आता मला विचारतात की पाणीवाले आहात म्हणून भिजून फिरता का.

आणखी एक तक्रार आहे. तू जे तण उपटायला सांगितलं होतंस ते तिने उपटलेलं नाही. बाकी दोन-तीन आपोआप गेली, एक राहिलंय, त्याला विटांचं कुंपण केलंय. मी तुझं पत्र वाचून दाखवलं, ठळक शब्दांत. तर म्हणाली की ताईंनी पान बघितलंय, झाड नाही बघितलं, अजून थोडं बघू. हे झाड माझ्या गुडघ्याला लागलंय, ताई, आणि दिसायला भोपळ्याच्या वेलासारखं काहीतरी बेढब. घरात माझं ऐकत नाहीत हे जुनंच, पण आता तुझंही ऐकत नाहीत म्हटल्यावर मला जरा बरं वाटलं.

खोकला झालाय. या ओल्या भावाची आठवण कोरडी ठेवू नकोस.

छोटू


ता. १० ऑक्टोबर

चि. सौ. भावजयीस आशीर्वाद.

छत्रीची युक्ती मला कधी सुचली नाही, हे लिहायला हात जड होतोय, तरी लिहिते. मी इतकी वर्षं तेरडा बघते, पण बी धरायचं कधी मनात आलं नाही. इथे शिंपीमास्तरांना सांगितलं तर ते मशीन थांबवून हसले. मी म्हटलं, हसू नका, तुमच्या घरी आहे का कुणी असं डोकं चालवणारं? पुन्हा मशीनवर वाकले.

गुलबक्षीला शिंतोडे आलेत म्हणून मागच्या आठवड्यात तू लिहिलंस ते पत्र दाजींना दोनदा वाचायला लावलं. म्हणाले, मलाही वाचता येतं, तूच का ऐकतेस पुन्हा पुन्हा. त्यांना काय कळणार.

आता दुसरं. ते तण काढ. थोरल्या माणसाने एकदा सांगितलं की ऐकावं. कौतुक केलं म्हणून डोक्यावर बसायचं नाही.

आणि महत्त्वाचं. मिस्त्री म्हणतो की जानेवारीत घर हातात येईल. पुढे चार पावलांचं अंगण आहे, अगदी उघडं, डबर आणि चुना. तेव्हा जानेवारीत मी येणार, फुलं संपलेली असतील, ब्लॉक उचलणार आणि माझी माती घेऊन जाणार. खालचीसुद्धा, भिंतीकडचीसुद्धा. पोती धुऊन ठेवली आहेत म्हणे, ती लागतील. तुझा बोळ पुन्हा आरशासारखा होईल, तुलाही सुटल्यासारखं वाटेल. मनाची तयारी ठेव.

राग नाही, लोभ आहे, पण माती माझी आहे.

ताई


ता. ६ डिसेंबर

ती. ताईंना नमस्कार.

उत्तर द्यायला उशीर केला, तो मुद्दाम. मला आधी बघायचं होतं, मग लिहायचं होतं.

तुमचं तण माझ्या डोक्याच्या वर गेलंय. एकच सरळ दांडा, काठीसारखा. यांनी आधाराला जुना पाइप बांधून दिला, स्वतःहून, मी सांगितलं नव्हतं. गेल्या आठवड्यात दांड्याला खालून वरपर्यंत कळ्या दिसल्या आणि परवा सकाळी सगळ्यात खालची उमलली. बशीएवढं फूल, ताई. गडद लाल, आत जवळजवळ काळं, पाकळी कागदी, चुरगळून सोडल्यासारखी. काल दुसरी उमलली, आज तिसरी. खालून वर, पायरी चढावी तशी. टपालवाला सायकलवरून उतरतो, पत्र नसलं तरी. समोरच्या दवाखान्यातली नर्स विचारायला आली की कुठून आणलंत. मी म्हटलं, आणलं नाही, आलं. माझ्या नणंदेच्या मातीतून आलं. असं सांगताना छाती अशी भरून आली की मलाच लाज वाटली.

एक फूल कागदात दाबून पाठवतेय. नाव तुम्ही सांगा.

आता जे लिहायचं इतके दिवस टाळलं ते. ताई, माती मी देणार नाही. तुम्ही थोरल्या, मी कधी तुमच्यापुढे मान वर केली नाही. पण या दारात सगळं मी केलं होतं, ओटा घासला, भिंती रंगवल्या, अंगण झाडलं, आणि कुणी थांबून बघितलं नाही. आता बघतात. आणि ही झाडं फटी शोधून माझ्या दारात उभी राहिली, त्यांना मी कशी पोत्यात भरू? यांना विचारू नका, ते तुम्हालाही हो म्हणतील आणि मलाही. मी सांगतेय ते शेवटचं धरा.

बी देईन. तेरड्याचं, शिंतोड्याच्या गुलबक्षीचं, सदाफुलीचं, सगळं वाळवून, कागदात बांधून, वर रंग लिहून ठेवलंय. या नव्या फुलाचंही देईन, ते पिकलं की.

रागावलात तर रागवा. पण माझ्याशी बोलणं सोडू नका, आत्ता कुठे सुरू झालंय.

तुमची भावजय


ता. १३ डिसेंबर

बाई गं,

तुझं पत्र दुपारी आलं. मी आधी राग यायची वाट बघितली. आलाही. दाजींना म्हटलं, बघा हिची जीभ, माती देणार नाही म्हणते. मग कागद उलगडला आणि ते फूल बाहेर पडलं. मग मी ते खिडकीशी उजेडात नेऊन बघितलं.

याला गुलखैरा म्हणतात. आमच्या क्वार्टरच्या त्याच अंगणात, कडेच्या भिंतीशी होता, अगदी सुरुवातीला, तुझं लग्नही झालं नव्हतं तेव्हा. मग गटाराचं काम निघालं, त्यांनी सगळा राडारोडा तिथेच ओतला. पुढच्या वर्षी मी वाट बघितली, त्याच्या पुढच्याही वर्षी. नंतर बघणं सोडलं. इतकं सोडलं की पान हातात आलं तर मला ओळखता आलं नाही. तू पाठवलंस आणि मी लिहिलं, उपट. दोनदा लिहिलं. तू ऐकलं असतंस तर तो पुन्हा गेला होता आणि मला कळलंही नसतं.

बी खाली झोपलं असणार इतकी वर्षं. मी खरवडताना हावरेपणाने खोल गेले, आणि त्या गवंड्याने पोती ओतून माती कालवली, खालचं वर आलं. मी स्वतः पसरली असती तर वरचं वर ठेवलं असतं, आणि खालचं खालीच राहिलं असतं. त्या गवंड्याला मी काय काय बोलले, देवाने ऐकलं नसावं.

ते फूल घेऊन मी खाली टायरवाल्याला दाखवलं. शिंपीमास्तरांना दाखवलं. जिन्यात भेटेल त्याला दाखवलं. म्हटलं, हे माझ्या भावजयीने वाढवलं, मी नको म्हणत असताना. दाजी म्हणाले की एवढं कौतुक तू आजवर कुणाचं केलं नाहीस. म्हटलं, आजवर असं कुणी माझं ऐकायचं नाकारलं नाही.

माती तुझी. ब्लॉक तसेच राहू देत. छोट्याने पुन्हा तिथे फटफटी घातली तर मला सांग.

पण बी मला टपालाने नको. छोट्याच्या हातून तर मुळीच नको, तो वाटेत कुणाच्या भरावात टाकेल. तू घेऊन ये. नव्या घराचं अंगण बघ, कुठे ऊन पडतं ते बघ, भिंतीशी कोण आणि पायरीशी कोण ते आपण दोघी तिथे उभ्या राहून ठरवू. मी एकटी ठरवणार नाही, माझ्या डोळ्याचा आता मलाच भरवसा नाही. चांगले पंधरा दिवस राहा. इतक्या वर्षांत मी तुला कधी बोलावलं नाही आणि तूही कधी म्हणाली नाहीस, त्यावर आता दोघींनी वेळ घालवायला नको. छोट्याला भात लावता येतो, बाकी शेजारी बघतील.

तुझी, आणि तुझीच म्हणून समज,
ताई

ता. क. जानेवारीत कुठल्या दिवशी, कुठल्या गाडीने येतेस ते पुढच्या बुधवारपर्यंत मला कळलं पाहिजे. 'यांना विचारून सांगते' असं उत्तर चालणार नाही. बुधवारी पत्र आलं नाही तर गुरुवारी मी तुझ्या दारात उभी असेन.